पाणी नितळ आहे, पण गाळ कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाला कुणी भेट दिली, की शेवटच्या टाकीतले पाणी काचेच्या पात्रात भरून दाखवले जाते. पाणी नितळ दिसते आणि भेट संपते. पण विरघळलेला अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, रोगजंतूही दिसत नाहीत. पाहणाऱ्याने आधी विचारावे ते हे: रोज गाळ किती निघतो आणि तो जातो कुठे?

रोज 30 लाख लिटर सांडपाणी येणारा प्रकल्प घेऊ. सांडपाण्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. त्याचे माप म्हणजे बीओडी. येणाऱ्या पाण्यात तो लिटरला 250 मिलिग्रॅम आणि बाहेर पडताना 20 धरला, तर रोज 690 किलो प्राणवायूची मागणी नदीवरून टळते. तीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो आणि तो चारच्या खाली गेला की बरेच मासे तग धरत नाहीत. म्हणजे हे 690 किलो पेलायला, हवेतून नव्याने मिसळणारा प्राणवायू सोडल्यास, नदीचे सुमारे 20 कोटी लिटर पाणी खर्ची पडेल. आटलेल्या नदीत एवढे पाणी असतेच कुठे?

जाळ्या चिंध्या-प्लास्टिक अडवतात, वाळूच्या हौदात रेती बसते. खरे काम हवेच्या टाकीत चालते. तिथे जिवाणू घाण खातात आणि वाढतात. हा वाढलेला जिवाणूंचा लगदा म्हणजेच गाळ. निवळण टाकीत तो तळाशी बसतो, बराचसा परत हवेच्या टाकीत जातो आणि जादा झालेला बाहेर काढावा लागतो. एक किलो बीओडी कमी झाला की ढोबळमानाने अर्धा किलो कोरडा गाळ तयार होतो. आपल्या उदाहरणात रोज सुमारे 345 किलो. एक टक्का घट्टपणाला तो 34,500 लिटर भरतो. वाफ्यांवर सुकवल्यावरही रोज दीड-पावणेदोन टन उचलावा लागतो.

नेमके हेच काम तुंबते. पावसात वाफे वाळत नाहीत, गाळाचा पंप बंद पडतो, उचलायला गाडी नसते. मग गाळ आतच साठतो, निवळण टाकीतला थर वर चढतो आणि जोराच्या पावसाचे पाणी गटारातून आले की सगळा एका रात्रीत नदीत. नमुना मात्र कोरड्या दिवशी सकाळी घेतलेला असतो!

तपासणी सोपी आहे. हवेच्या टाकीतले पाणी एक लिटरच्या मोजपात्रात अर्धा तास ठेवावे. गाळ 200-300 मिलीवर बसला तर ठीक. 900 वरच राहिला, तर नमुन्यात तेवढेच शुद्ध झालेले पाणी मिसळून पुन्हा पाहावे. आता झपाट्याने बसला तर गाळ जास्त झाला आहे, काढा. तरीही फुगलेलाच राहिला तर तंतुमय जिवाणू माजले आहेत, आणि त्याचे नेहमीचे एक कारण अपुरी हवा. टाकीत विरघळलेला प्राणवायू लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास हवा.

हवेवरच काटकसर होते, कारण प्रकल्पाच्या विजेतला मोठा वाटा टाकीत हवा सोडणारी यंत्रे, म्हणजे ब्लोअर, खातात. रात्री ते बंद ठेवले तर पहिला फटका अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना बसतो. ते फार सावकाश वाढतात आणि एक किलो अमोनिया-नायट्रोजनमागे त्यांना साडेचार किलोंहून जास्त प्राणवायू लागतो. बीओडीचा अहवाल तेव्हाही उत्तीर्ण होऊ शकतो. मासे मात्र अमोनियाने मरतात. क्लोरीनही जादा टाकून भागत नाही: गढूळ पाण्यात जंतू कणांआड लपतात आणि उरलेला क्लोरीन माशांना विषारी ठरतो.

म्हणून नगरपालिकेने दर महिन्याला तीन आकडे जाहीर करावेत: बाहेर नेलेला कोरडा गाळ, ब्लोअर चालल्याचे तास आणि सोडलेल्या पाण्यातला अमोनिया. मग ताळा कुणीही करू शकेल. सोडलेल्या पाण्यात लिटरला 20 मिलिग्रॅम गाळाचे कण धरले तरी वरच्या प्रकल्पातून रोज 60 किलोच जायला हवेत. थोडा गाळ आत पचतो, तेही मान्य. पण रोजच्या 345 किलोंच्या जागी नोंदवहीत रोजचे 50 किलो दिसले, तर उरलेला गाळ टाकीत साठला आहे किंवा नदीत पोचला आहे.

आपले,
सांडपाणी शुद्धीकरणाच्या कामातील काही वाचक