कलेजीतला फोड आणि दुकानाबाहेरचं कुत्रं

संपादक महोदय,
स.न.वि.वि. मागच्या रविवारी मटणाच्या लायनीत उभा होतो, खाटकाने कलेजी कापली तर आत लिंबाएवढा पांढरा, पाण्याने भरलेला फोड. त्याने सराईतपणे तेवढा भाग कापून बाहेर बसलेल्या कुत्र्याला टाकला आणि बाकीची काट्यावर. हा बऱ्याचदा हायडॅटिड, म्हणजे कुत्र्यातल्या एका जंताच्या अळीचा फोड असतो, आणि गंमत म्हणजे तो माणसाला मटण खाऊन होत नाही, कुत्र्याने फोड खाल्ला की त्याच्या आतड्यात जंत वाढतात, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, मग ती गवतावाटे बकऱ्यांच्या नाहीतर हातावाटे आपल्या पोरांच्या पोटात जातात आणि लिव्हरमध्ये, फुफ्फुसात तसेच फोड.

म्हणूनच कत्तलखान्यात व्हेटर्नरी डॉक्टर आधी जिवंत जनावर बघतो, कापल्यावर लिव्हर, फुफ्फुस, लसिकाग्रंथी (लिम्फच्या गाठी) चाचपतो, खराब अवयव नष्ट करायला काढतो आणि मगच शिक्का मारतात. आमच्याकडे बोकड दुकानामागेच कापतात, शिक्का कुठला! खाटकाला तरी काय बोलणार, त्याला हे कोणी सांगितलंच नाहीये. पालिकेने तपासणी करावीच, पण तोवर निदान असल्या तुकड्यांसाठी झाकणाची बादली तरी सक्तीची करा आणि भटक्या कुत्र्यांना जंताचं औषध द्या.

आपला,
एक मटणप्रेमी वाचक