विनोद शिकवायचा म्हणतोस?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. नववीच्या वर्गात विनोदी पाठ वाचलास, पोरं ढिम्म; मग विनोद समजावून सांगितलास, तर ती आणखीच ढिम्म. वाचून मी मात्र पोट धरून हसलो, राग मानू नकोस.

समजावू नकोस असं मी म्हणणार नाही. फक्त त्याआधी पोरांना विनोद बिघडवायला दे. फळ्यावर लिही, ‘आमचे काका भलते वक्तशीर. कुठंही जायचं असो, बरोबर अर्धा तास उशिरा पोचतात.’ आणि सांग, एखादाच शब्द बदला किंवा हलवा, पण यातलं हसू घालवून दाखवा. कुणी ‘बरोबर’च्या जागी ‘साधारण’ घालेल, कुणी ‘उशिरा’ आधी आणेल, कुणी ‘वक्तशीर’ खोडून ‘आळशी’ करेल. काका दर वेळी उशिराच पोचणार, हसू मात्र गेलेलं. का गेलं, हे मग त्यांनाच विचार. ‘वक्तशीर’नं अपेक्षा उभी केली, ‘बरोबर’नं ती ताणली, ‘उशिरा’नं पाडली, इथपर्यंत ती आपली आपण येतात. ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरते तेव्हा हसू येतं, असं कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७९० साली मांडलं. वर्गात त्याचं नाव घ्यायची काही गरज नाही.

शब्दांवरच्या कोट्यांवर फार दिवस घालवू नकोस. त्या मुलांना आपसूक कळतात, तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त सुचतातही. अवघड असतो तो स्वभावनिष्ठ विनोद. चि. वि. जोशींचा चिमणराव घे. तो आपली फजिती स्वतःच सांगतो, आणि तीही अगदी गंभीरपणे. आपण हास्यास्पद आहोत हे त्याच्या गावी नसतं. वाचकाला ते त्याच्या आधी कळतं आणि सगळी गंमत त्या अंतरात असते. मुलांना त्यातला एक परिच्छेद तृतीयपुरुषी करायला लाव. ‘चिमणराव भोळे होते, त्यामुळे त्यांची फजिती झाली.’ झालं! माहिती उरली, माणूस गेला. निवेदक म्हणजे काय, हे नुसती व्याख्या पाठ करून इतकं स्वच्छ कळत नाही.

आणि मोठ्यानं वाचताना तूही चिमणरावासारखाच गंभीर राहा. तू आधी हसलास की मुलांना वाटतं, आता हसायचं असतं. मग ती तुझ्यासाठी हसतात.

विडंबनाचं दुखणं वेगळं. अत्र्यांनी केशवकुमार या नावानं लिहिलेली ‘झेंडूची फुले’ १९२५ ची. तेव्हाच्या वाचकाला रविकिरण मंडळाच्या कवींची धाटणी ओळखीची होती, म्हणून तो हसला. आजच्या मुलानं मूळ कविताच वाचलेली नसते, तर त्यानं हसावं कशाला? एक तर मूळ कविता आधी शिकव, नाहीतर मुलांना जे तोंडपाठ आहे त्याचंच विडंबन करायला लाव. निबंधाची छापील भाषा त्यांच्या हाडीमाशी खिळलेली असते. परीक्षेच्या वर्गाचं वर्णन रम्य पहाटेच्या थाटात लिहायला सांग: ‘पर्यवेक्षकांचे मंगल आगमन झाले होते. पूर्वेकडच्या बाकांवर उत्तरांची लाली हळूहळू पसरू लागली होती.’ हे एकदा लिहिलेलं पोर पुढच्या निबंधात ‘पक्ष्यांचा किलबिलाट’ लिहिताना जरा तरी थबकेल. मला विचारशील तर विडंबन शिकवायचं ते एवढ्यासाठीच.

एक गोष्ट मात्र टाळू नकोस. जुन्या विनोदात व्यंगावर, बायकांवर, बोलीवर हसणं बरंच आहे. ते झाकायचं नाही आणि त्यावर प्रवचनही द्यायचं नाही. ‘या हसण्याची किंमत कोण मोजतंय?’ एवढंच विचार. वर्गात तोतरं बोलणारं एखादं मूल असतंच. इतरांना उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही.

‘पोरं हसली नाहीत’ हे तू कशावरून ठरवलंस? नाट्यशास्त्रात भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले, स्मितापासून अतिहसितापर्यंत, आणि स्मितात तर दातही दिसत नाहीत. मागच्या बाकावर मान खाली घालून ओठ दाबणारा एखादा दिसला तर पाठ पोचला समज. खदखदून हसणाऱ्याला कळलंच असेल असं नाही. पुष्कळदा तो शेजाऱ्याकडे बघून हसतो.

राहता राहिली परीक्षा. ‘पाठातील विनोदाचे स्वरूप स्पष्ट करा’ आलं की ‘लेखकाने अतिशयोक्तीचा वापर करून हास्य निर्माण केले आहे’ हे वाक्य सगळ्या उत्तरपत्रिकांत उतरणार. गुण त्यालाच मिळतात, तेव्हा तेही शिकव, वीस मिनिटांत. पण त्याखाली पाठातलं नेमकं वाक्य उद्धृत करून, त्यातला कुठला शब्द काढला तर अतिशयोक्ती ढासळते, हे दाखवायची सवय लाव. तपासणारा कितीही दमलेला असो, तिथं डोळे उघडेल.

मुलांनी लिहिलेली विडंबनं मला पाठव. शुद्धलेखन न सुधारता.

तुझा,
मास्तर