पुराची रेघ दगडात कोरा

महोदय,

आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीतले शाळकरी पोरही सांगेल. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. पण पेठेत ते नेमके कुठवर चढले होते, हे दाखवणाऱ्या खुणा आता कितीशा उरल्या? भिंत रंगवली की रेघ गेली.

मुलगी जर्मनीत गटिंगेनला शिकत असताना जवळच्या म्युंडेन गावी जाणे झाले. फुल्दा आणि वेरा या नद्या तिथे मिळतात, दोघीही आपले नाव सोडतात आणि पुढे वेझर होऊन उत्तर समुद्राला जातात. (आपल्या हरिपूरला वारणा मिळते, पण कृष्णा कृष्णाच राहते.) मी हळदीच्या व्यापारातला, त्यामुळे तिथल्या पेठेचा इतिहास मला जास्त भिडला. १२४७ साली गावाला हक्क मिळाला: नावेने आलेला माल इथे उतरवायचा, आधी गावात विकायला मांडायचा, मगच पुढे न्यायचा. साडेपाचशेहून अधिक वर्षे त्यांनी तो सोडला नाही. नावाडी तर इतके कडवे, की प्रेशर कुकरचा पूर्वज बनवणारा देनी पापँ १७०७ मध्ये कासेलहून चाकाच्या वल्ह्यांची नाव घेऊन आला, ती त्यांनी फोडून टाकली! अशा माणसाची मेहनत मातीत गेली, याचे फार वाईट वाटते.

तिथल्या सेंट ब्लासियस चर्चवर एक चौकोनी दगड आहे. २४ जुलै १३४२ च्या महापुराचे पाणी या दगडाच्या तळाला टेकले होते, असे त्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे. पावणेसातशे वर्षे उलटली, तरी रेघ जागेवर आहे.

आणि आपण? हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखाली खणलेल्या कोठारांत, पिढ्यान् पिढ्या हळद कोरडी राहिली. २००५ च्या पुरात पाणी शिरले आणि कितीतरी पेवे कायमची निकामी झाली. आजच्या पोरांना पेव म्हणजे काय, हे सांगावे लागते.

महापालिकेने गणपती पेठ, मारुती चौक, टिळक चौक इथे आणि ग्रामपंचायतीने हरिपूरच्या घाटावर २००५, २०१९ आणि २०२१ च्या रेघा काळ्या दगडात तारखेसह कोरून घ्याव्यात. गाळा भाड्याने घेणारा ती रेघ बघूनच फळी किती उंच मारायची ते ठरवेल. पेठेतल्या जुन्या लोकांना पाणी कुठवर आले होते ते अजून बोट ठेवून दाखवता येते, तोवरच हे काम उरकावे. पहिल्या दगडासाठी आमच्या गाळ्याची दर्शनी भिंत द्यायला आम्ही तयार आहोत.

— एक हळद व्यापारी, गणपती पेठ, सांगली