वधू-वर सदरातून 'गोरी' हा शब्द काढावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वधू-वर सदरात 'गोरी, सडपातळ, सुस्वरूप वधू पाहिजे' हे शब्द आपण सारे इतकी वर्षे वाचत आलो आहोत की आता ते कोणाला खटकतही नाहीत. मात्र ते पान घरातली आठवीतली मुलगीही वाचते आणि आपली किंमत कशावरून ठरते, हे त्यातून शिकते.

मी बावीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवत आहे. सातवीपर्यंत खो-खोच्या मैदानावर वाऱ्यासारख्या पळणाऱ्या मुली पुढच्या दोन वर्षांत एकेक करून सावलीला येऊन बसू लागतात. कारण विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळते, "आई म्हणते, उन्हात काळी पडशील." गेल्या वर्षी एका हुशार मुलीने वर्गाच्या फोटोत शेवटच्या रांगेत, इतरांच्या आड उभे राहण्याचा हट्ट धरला. तिच्याविषयी नातेवाईक नेहमी म्हणत, "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे." हे वाक्य कौतुकाने बोलले जाते, यात मला शंका नाही, मुलीच्या मनात मात्र त्यातला 'पण' तेवढा घर करून राहतो.

घरचे बोलणे सोडाच, आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकातही मुलगी कुरूप किंवा अपंग असल्यास तिचे लग्न जमणे अवघड होते आणि वरपक्ष अधिक हुंडा मागतो, असा मजकूर हुंड्याच्या कारणांमध्ये छापलेला होता. २०१७ मध्ये त्यावर टीकेची झोड उठली, पण तोवर किती मुलींनी तो परीक्षेसाठी पाठ केला असेल, या विचाराने आजही वाईट वाटते. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० मध्ये बदलले. गोरेपणाची ओढ काही त्यामुळे ओसरली नाही. डॉक्टरांना न विचारता औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडयुक्त मलमे आणून मुली ती महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावतात. त्याने त्वचा पातळ होते, मुरमे आणि लाल चट्टे उठतात, आणि मलम थांबवले की त्रास आणखी वाढतो, म्हणून ते सुटतही नाही. पारा असलेल्या क्रीममुळे तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

'शादी डॉट कॉम' या संकेतस्थळाने २०२० मध्ये सभासदांच्या मागणीनंतर वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. वधू-वर सदरातील जाहिराती आपल्या कार्यालयात नजरेखालून गेल्यावरच छापल्या जात असतील. तेव्हा वय, शिक्षण, नोकरी, उंची हे तपशील अवश्य घ्यावेत. परंतु वर्णाचा उल्लेख असलेला मजकूर स्वीकारला जाणार नाही, अशी ठळक सूचना त्या सदराच्या माथ्यावर छापावी, ही माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका, सातारा