बाबांबद्दल थोडं अजून

संपादक महोदय, स.न.वि.वि.

निधनवार्तेत बाबांचं नाव, वय आणि 'पश्चात पत्नी, दोन मुली' एवढंच छापून आलं, जागा कमी असते ते कळतं पण मला अजून थोडं सांगायचंय. आईला अल्झायमर आहे. या आजारात आधी ताज्या आठवणी जातात, जुन्या बरेच दिवस टिकतात हे डॉक्टरांकडून कळलं तेव्हापासून बाबा रोज तिच्याजवळ बसून जुन्या दिवसांबद्दलच बोलायचे. कपाटाच्या प्रत्येक दारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या, टॉवेल, चष्मा, औषधं, चिकटपट्टी निघाली की लगेच नवीन लावायचे. आमच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालायचे ना कोपरे दुमडून, अगदी तसंच. ती एकच प्रश्न दहादा विचारायची आणि दहाव्यांदाही त्यांचा आवाज पहिल्यासारखाच, मला नाही जमत हो ते, माझा चढतोच.

काल आईने विचारलं, हे अजून ऑफिसातून आले नाहीत का? मी म्हटलं, येतीलच एवढ्यात.

– त्यांची धाकटी मुलगी