मातीला पोचलो नाही, म्हणून

इव्हान्सव्हिल, इंडियाना
१२ ऑक्टोबर

प्रिय दत्ता,

काकी गेल्यापासून आपण फोनवर तीनदा बोललो आणि तिन्ही वेळा मी "जेवलास का?" याच्यापुढं गेलो नाही. पासपोर्ट शिक्क्यासाठी दिलेला, तो तिकडंच अडकला. मातीला नाही, सावडायला नाही, दहाव्यालाही नाही. तू एका शब्दानं बोलला नाहीस, पण आळीतल्या बायकांनी विचारलंच असणार, "त्यो अमेरिकेतला आला न्हाई व्हय?" त्यांचं काही चुकलं नाही. ज्या घरात मी पाचवीपासून बारावीपर्यंत निम्मी जेवणं जेवलो, तिथं कडू घास घेऊन यायला माझ्या घरचं कुणी नव्हतं.

फोनवर जमत नाही म्हणून लिहायला बसलोय. सांगायचंय ते जरा लांबचं आहे, दोनशे वर्षांपूर्वीचं. पण वाच.

गेल्या रविवारी मी इथून पाऊण तासावर असलेल्या लिंकन सिटीला गेलो होतो. नावात सिटी, पण गाव आपल्या पेरणोलीएवढंसुद्धा नाही. अब्राहम लिंकन सात वर्षांचा असताना, १८१६ च्या शेवटी, त्याचा बाप केंटकीतून बिऱ्हाड घेऊन इथं आला आणि मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत ते इथंच राहिले. तेव्हा हे सगळं दाट रान. झाडं पाडायची, बुंधे तसेच ठेवून मधल्या जागेत मका पेरायचा, गाई-डुकरं रानात सोडायची. आता सरकारनं जागा राखलीय. ओंडक्यांचं घर नव्यानं बांधलंय, आवारात जनावरं आहेत. जुन्या घराच्या जागी चूल आणि पायाचे ओंडके ब्राँझमध्ये ओतून ठेवलेत. चूल ब्राँझची! काकींनी बघितली असती तर म्हणाल्या असत्या, "आणि हिला पोतेरं कसं लावायचं?"

तिथून थोडं चाललं की झाडीत एक टेकाड लागतं. वर लोखंडी कुंपणात एक पांढरा दगड. नॅन्सी हँक्स लिंकन, मृत्यू ५ ऑक्टोबर १८१८, वय वर्षं ३५. अब्राहमची आई.

ती कशानं गेली ऐकशील तर तुला पटणार नाही. दुधानं.

त्या सप्टेंबरात वस्तीवर माणसं पडायला लागली. आधी नॅन्सीची मावशी आणि तिचा नवरा. नॅन्सीला लहानपणी त्यांनीच वाढवलेलं. नुकतेच केंटकीहून येऊन एका बाजूनं उघड्या असलेल्या खोपटात राहत होते. दोघंही गेले. मग शेजारची एक बाई. नॅन्सी या सगळ्यांची उस्तवार करत फिरत होती, मग तीही आडवी झाली. पोटात कळा, उलट्या, अंगातलं सगळं बळ गेलेलं, शेवटी शुद्ध जायची. आठवडाभरात खेळ संपला. त्याच मावशीकडं वाढलेला तिचा मावसभाऊ डेनिस हँक्स म्हातारपणी सांगायचा की सर्वात जवळचा डॉक्टर पस्तीस मैलांवर होता. आला असता तरी त्यानं काय केलं असतं? कारणच कुणाला ठाऊक नव्हतं. लोक त्याला 'दुधाचा आजार' म्हणायचे. जनावरांना थरथर सुटायची, वासरं मरायची आणि मग माणसं. ओहायो नदीच्या खोऱ्यात काही वस्त्या या भीतीनं उठूनच गेल्या.

दोष होता एका झुडपाचा. सावलीत, रानाच्या कडेला वाढतं, उन्हाळा सरता सरता त्याला पांढऱ्या फुलांचे बारीक झुपके येतात. कुरणातलं गवत वाळलं की गाई रानात शिरतात आणि ते खातात. दुभत्या गाईच्या दुधावाटे विष बाहेर पडतं, म्हणून ती स्वतः बरी दिसते आणि तिचं दूध पिणारं मरतं. दत्ता, हे झुडूप आपल्या रानमोडीच्या कुळातलं आहे. वाटेच्या कडेला ते फुललेलं दिसलं आणि मला सरळ तुमच्या खालच्या शेताचा बांध आठवला, दर दिवाळीला काकी कोयत्यानं रानमोडी तोडायच्या आणि तिला शिव्या द्यायच्या तो. इलिनॉयमधले लोक सांगतात की इथल्या मूळच्या शॉनी जमातीतल्या एका म्हातारीनं हे झुडूप एका दाईला दाखवलं होतं. खरं असेल, नसेल. पण शहाण्यांच्या कानावर ते जायला फार वर्षं गेली. झुडपातलं विष प्रयोगशाळेत वेगळं काढलं गेलं ते १९२८ च्या सुमारास. नॅन्सी जाऊन तोवर एकशे दहा वर्षं झाली होती.

तिला पेटीत घालायचं तर पेटी कुठनं आणणार? नवरा सुतारकाम जाणणारा. त्यानं आणि डेनिसनं ओंडका कापून फळ्या काढल्या. खिळे म्हणजे चैनीची वस्तू, म्हणून फळ्या लाकडी मेखांनी जोडायच्या. त्या मेखा नऊ वर्षांच्या अब्राहमनं चाकूनं तासल्या असं सांगतात. मी त्या कुंपणापाशी उभा राहून हाच विचार करत होतो. किती मेखा लागल्या असतील? एखादी जाड झाली म्हणून बापानं परत तासायला दिली असेल का? तुला आठवतं, तुझे अण्णा गेले तेव्हा आपण दोघं सातवीत होतो आणि कुणीतरी आपल्याला गोवऱ्या मोजायला बसवलं होतं? शंभरच्या पुढं गेल्यावर तू हिशोब चुकलास आणि परत एकपासून सुरू केलंस. त्या माणसाचा मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, पोराच्या हाताला काम दिलं, बरं केलं.

एक गोष्ट तिथनं परत आल्यावरही डोक्यातून जात नाही. घरात आता बाई म्हणजे अकरा वर्षांची सारा, अब्राहमची बहीण. स्वयंपाक, पाणी, तीन पुरुषमाणसांचं धुणं, सगळं तिच्यावर. ती चुलीपुढं बसून रडायची. डेनिस सांगतो, आम्ही दोघांनी तिला रमवायला रकूनचं एक पिल्लू आणून दिलं, कासव आणलं. हरणाचं पाडसही धरायला गेलो, पण सापडलं नाही. आई गेलेल्या बहिणीसाठी कासव! कुणी शिकवलेलं नसताना पोरांना जे सुचलं ते हे.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते सांगतो. नॅन्सीला माती दिली तेव्हा तिथं धर्मगुरू नव्हता. वस्तीवर कायमचा पाद्री परवडायचा नाही, फिरते उपदेशक घोड्यावरून येतील तेव्हा येतील. मग करायचे काय, तर मेलेल्याला लगेच पुरायचं आणि प्रवचन, प्रार्थना, लोकांनी एकत्र जमून रडणं हे सगळं उपदेशक येईल तेव्हासाठी राखून ठेवायचं. सहा महिन्यांनी, वर्षानं. केंटकीच्या डोंगराळ भागात तर ही रीत विसाव्या शतकातही चालू होती. पिकं निघाली, वाटा सुकल्या की एक दिवस ठरवायचा आणि वर्षभरात गेलेल्या दोघातिघांचं एकदमच करायचं. कधी कधी पहिल्या बायकोच्या प्रवचनाला नवरा बसलेला असायचा आणि शेजारी दुसरी बायको. कुणी नावं ठेवत नसे. (तुझ्या आत्तीला हे सांगू नकोस, तिचं तोंड आठ दिवस बंद व्हायचं नाही.)

नॅन्सीसाठी काही महिन्यांनी डेव्हिड एल्किन नावाचा उपदेशक केंटकीहून आला. त्याला बोलावणारं पत्र अब्राहमनं लिहिलं, आयुष्यातलं पहिलं, असंही सांगतात. याला कागदोपत्री आधार नाही आणि मोठ्या माणसांच्या बालपणाला अशा गोष्टी चिकटतातच, त्यामुळे मी त्यावर पैज लावणार नाही. पण उपदेशक आला, आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं जमली आणि थडग्यापाशी उभं राहून तिच्याबद्दल बोलणं झालं. तोवर त्या मातीवर गवतही आलं असेल.

आपल्याकडे सगळं तेरा दिवसांत आवरायचं. कावळा शिवला, सुटलो. चौदाव्या दिवशी डेअरीला दूध घालायचंच असतं. मी हे वाईट म्हणत नाही. पण जो तेरा दिवसांत पोचला नाही त्यानं कुठं जायचं, याला आपल्या रीतीत नीटसं उत्तर मला सापडलं नाही. त्या रानातल्या लोकांकडं होतं, तेही नाइलाजानं आलेलं.

सारा पुढं, १८२८ च्या जानेवारीत, बाळंतपणात गेली. फक्त वीस वर्षांची होती, बाळही गेलं. सासरच्यांनी मदत बोलवायला उशीर केला असं भावाच्या मनात कायमचं राहिलं. तिचं थडगं दुसरीकडं, चर्चच्या आवारात आहे. मी तिथंही गेलो, पण पाच मिनिटांत परत फिरलो. एका दिवसाला एवढं पुरे.

आईच्या थडग्यावर नीट दगड बसला तो १८७९ मध्ये, घोडागाड्या बनवणाऱ्या स्टुडबेकर घराण्यातल्या एकानं बसवला. त्या दगडाच्या माथ्यावर लोक एक सेंटची नाणी ठेवून जातात. तांबडी, काही हिरवट पडलेली. त्या नाण्यावर तिच्या पोराचंच तोंड आहे. माझ्या खिशात सुटे नव्हते. गाडीपर्यंत परत गेलो, कप ठेवायच्या खाचेत एक सापडलं, ते नेऊन ठेवलं. ठेवताना काकींचं नाव घेतलं. बाजूला एक गोरी आजी उभी होती, तिला वाटलं मी प्रार्थना म्हणतोय, ती थोडी बाजूला सरकली.

दत्ता, काकींनी मला पहिल्यांदा धारोष्ण दूध पाजलं तो प्रसंग तू विसरला असशील. तू तापानं आत झोपलेला आणि मी तुझी वही द्यायला आलेलो. त्या गोठ्यात धार काढत होत्या. उठल्या नाहीत, मान वळवून म्हणाल्या, "पेला घे मांडणीवरचा." फेसाचा पेला भरला आणि मी पिऊन होईस्तोवर धार थांबवून बसून राहिल्या. म्हैस पाय आपटत होती, तिला म्हणाल्या, "थांब गं, लेकरू पितंय." एवढंच. हे मला दहाव्याला सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

पासपोर्ट परवा आला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय, तिकीट काढलं. आल्या आल्या थेट तुझ्याकडं, घरी नंतर. चार माणसं बोलाव, जास्त नकोत. आत्तीला मात्र बोलाव. भाकरी-पिठलं आमच्या घरून येईल, तुमच्या चुलीवर त्या दिवशी काही शिजवू नका.

आणि काकींची ती म्हैस अजून आहे का, की विकलीस? फोनवर विचारायचं धाडस झालं नाही. असली तर संध्याकाळची धार माझ्यासाठी ठेव. मला नीट जमत नाही हे तुला माहीत आहे, तू तिच्या तोंडापाशी उभा राहा.

तुझा,
सुन्या