नाव न कळलेल्या कानसेनांचे आभार

गाणं ऐकण्याचा नाद मला लहानपणापासूनचा. पण तो एकाच प्रकारात अडकून राहिला नाही, याचं श्रेय तुमचं. तुमची नावं विचारायची राहून गेली, म्हणून हे जाहीर आभार.

रात्रीच्या गाडीत शेजारी बसलेले काका, तुम्ही इअरफोनचं एक टोक माझ्या हाती दिलंत. जमैकाचं रेगे वाजत होतं आणि मला ठेका सापडेना. तुम्ही मांडीवर बोटांनी मोजून दाखवलंत: पहिली मात्रा रिकामी, ड्रमचा ठोका तिसरीवर, गिटार दुसरी-चौथीवर. ‘समेची वाट बघू नकोस,’ म्हणालात. तबल्याची सवय असलेल्या माझ्या कानाला वळायला तासभर लागला, पण जमलं तेव्हा अंगावर काटा आला. त्या एका तासाने माझं ऐकणंच बदललं.

वाचनालयात सीडी परत घेताना ‘आता कोरा ऐका’ म्हणणाऱ्या ताई, तुमचेही आभार. पश्चिम आफ्रिकेतलं ते २१ तारांचं वाद्य. अर्ध्या भोपळ्यावर ताणलेलं चामडं, वाजवायला दोन अंगठे आणि दोन तर्जन्या, बस्स. तरी डोळे मिटले की तिघं जण वाजवताहेत असं वाटतं! मी अजूनही त्या नादात आहे.

आणि स्पेनच्या फ्लामेंको संगीताची कॅसेट देऊन ती कधीच परत न मागणारे तुम्ही. लेबलवर तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘आधी बी बाजू’. कॅसेट मी जपून ठेवली आहे. कधीही मागा, ती तुमचीच आहे.